नेट गेलं नव्हतं, काका

काका,

हेलन रोज फोन करते आणि रोज इंटरनेटला शिव्या घालते. 'त्या रविवारी नेट गेलं नसतं, तर कुणाला तरी वेळेत कळलं असतं,' म्हणते. तुमची एकुलती एक लेक. इंग्लंडमध्ये अडकलेली, विमानं बंद. बापाला शेवटचं पाहिलं ते माझ्या मोबाइलमधून. तिला कुणावर तरी राग काढायचाय. कंपनीला तक्रारीचं पत्र लिहिणार आहे, त्यासाठी माझ्याकडे तुमच्या कनेक्शनचा ग्राहक क्रमांक मागितला. मी म्हणाले, शोधून सांगते. क्रमांक माझ्या फ्रिजवरच चिकटवलेला होता, डोळ्यांसमोर.

नेट गेलं नव्हतं, काका. हे फक्त दोघांना माहीत होतं. त्यातले तुम्ही गेलात.

आपण इतकी वर्षं इंग्रजीत बोललो, पण हे मला इंग्रजीत लिहिता येणार नाही. इंग्रजीत मी ऑफिसात चिपांच्या चाचण्यांचे अहवाल लिहिते. तिथे 'चूक झाली' एवढं लिहून भागतं. मराठीत लिहायला बसलं की आई डोळ्यांपुढे येऊन कमरेवर हात ठेवते. 'झाली म्हणजे काय गं? कुणी केली?'

तुम्हाला 'काका' म्हणायला लागले ते सवयीने. एकोणऐंशी वर्षांच्या माणसाला नुसतं लेनर्ड म्हणायला माझी जीभ वळेना. माझी लेक मुक्ता कपाळावर हात मारून म्हणाली, 'मामा, नेए!' म्हणजे 'आई, नको!' आणि इथली लहान डच बाळं शीला 'काका' म्हणतात ते तुम्हाला डचमध्ये नीट समजावून सांगितलं. पुढे आठवडाभर जिन्यात जो भेटेल त्याला तुम्ही सांगत होतात की दुसऱ्या मजल्यावरच्या बाईने माझ्या अभिनयाला अखेर योग्य शब्द शोधला. संघमित्रा हे नाव तुमच्या तोंडात कधी मावलं नाही. तुम्ही त्याचं 'मित्रा' केलंत. मला ते आवडायचं, हे कधी सांगितलं नाही.

तुमच्यावर इंग्लंडातल्या एका पेपरात चार ओळी आल्या आहेत. 'रंगभूमी आणि टीव्हीवरील चरित्र अभिनेते.' वाचून माझं डोकंच फिरलं. दर सोमवारी नवं नाटक उभं करणाऱ्या त्या फिरत्या मंडळीत तुम्ही सोळाव्या वर्षी शिरलात. संध्याकाळी एक नाटक करायचं, दिवसा पुढचं पाठ करायचं, आणि आंघोळ करताना मागचं विसरायचं. 'विसरणं हीसुद्धा कला होती, मित्रा,' असं तुम्ही म्हणायचात. तेव्हा मी हसायचे. मग टीव्ही. तिथे तुम्ही हवालदार, पाद्री, वाईट बातमी देणारे डॉक्टर, आणि प्रेतं. प्रेतं तर इतकी, की मुक्ता तुमचे जुने भाग बघायला खाली यायची आणि इथली पोरं आजोबांना म्हणतात तसं 'ओपा' म्हणत विचारायची, 'ओपा, आज कसे मेलात?' नायक एकदाही नाही. मी एकदा विचारलं, वाईट नाही वाटत? तर म्हणालात, 'नायकाला सगळे बघतात. बाकीच्यांना नीट काम करावं लागतं.'

आणि हेलनची ती आठवण. ती सात वर्षांची असताना रोज सकाळी तुम्ही दाढी करता करता ओळी पाठ करायचात. तुमची बायको आन्नेके झोपलेली असायची म्हणून आवाज न करता, ओठांतल्या ओठांत. हेलन बाथटबच्या कडेवर पुस्तक धरून बसायची आणि साबणाच्या फेसातून तुमची चूक पकडायची. हे तुम्ही मला किमान दहा वेळा सांगितलंत. शेवटच्या वर्षात तर एकाच दिवशी दोनदा.

मला मात्र ती बटणाची गोष्ट जास्त आवडायची. सुरुवातीच्या काळात टीव्हीवरची नाटकं थेट दाखवायचे. चूक झाली तर झाली. नट ओळ विसरला की प्रॉम्प्टर हातातलं बटण दाबायचा, सगळा आवाज बंद. तेवढ्यात ओळ सांगायची, बटण सोडायचं, नाटक पुढे चालू. घरोघरी लोक उठून आपल्या टीव्हीच्या डोक्यावर थाप मारायचे. सगळ्या देशाला वाटायचं, आपला सेट बिघडला.

तुम्ही हे रंगवून सांगितलंत आणि मी, अतिशहाणी, म्हणाले की मीही कॉलेजात एकांकिकांना प्रॉम्प्टर होते. विंगेत वही घेऊन बसायचे. तिथेच घोड्याने पेंड खाल्ली.

पहिला लॉकडाउन लागला तेव्हा आन्नेकेला जाऊन चार वर्षं झाली होती. तिच्या गावी म्हणून तुम्ही इंग्लंड सोडून इथे नायमेखनला आलात, आणि ती गेल्यावर तळमजल्यावर एकटे उरलात. मी तुमचं सामान दाराशी ठेवायचे, बेल मारून दोन मीटर मागे व्हायचे. तुम्ही दार उघडून राणीला करावा तसा मुजरा करायचात. दुसऱ्या हिवाळ्यात तुम्हाला रविवारच्या वाचनाची कल्पना सुचली. इंग्लंडातले तुमचे म्हातारे नटमित्र, हेलन, असे वीसेक चौकोन पडद्यावर, दुपारी चारला. तुम्ही तरुणपणी केलेलं ते एकपात्री, खेड्यातल्या पोस्टमास्तरचं, पाच भागांत. वाचन म्हणायचं नुसतं. समोर कागद ठेवणं म्हणजे तुम्हाला कुबडी घेतल्यासारखं वाटे.

पहिल्याच रविवारी तुम्ही अडकलात. दोनदा. मित्रांना कळलं नाही, पण मी विंगेत बसलेली बाई. मला कळलं. विसरलेल्या नटाचे डोळे पळतात.

दुसऱ्या दिवशी मला बाल्कनीत बोलावलंत. तुम्ही खाली अंगणात, गळ्याला मफलर, आणि आवाज नेहमीपेक्षा हळू. डॉक्टरीणबाईंनी स्मरणशक्ती तपासायला कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं होतं म्हणालात. 'मी काढलं. सगळे आकडे एकाच बाजूला जाऊन बसले.' मी विचारलं, हेलनला सांगितलंत? तुम्ही नाही म्हणून मान हलवली. तिला कळलं की ती काळजीने मला म्हाताऱ्यांच्या होममध्ये टाकणार, म्हणालात. तेव्हा होममधले म्हातारे आपण दोघंही रोज बातम्यांत बघत होतो. काचेच्या आत ते, बाहेर नातवंडं, मधे टेकवलेले हात. 'मला त्या काचेमागे बसवू नकोस, मित्रा. पाच रविवार. मग मीच तिला सांगतो.'

मी हो म्हणाले. कुठून ती बुद्धी झाली कोण जाणे.

युक्ती आपल्या दोघांची, पण हात माझे. तुमच्या कॉम्प्युटरचा माइक मी माझ्या घरून बंद-चालू करू शकेन, आणि आवाज बंद असेपर्यंत बाकीच्यांना तुमचं चित्रही गोठलेलं दिसेल, मला मात्र चालू दिसेल, असं करून ठेवलं. तुम्ही अडकलात की मी आवाज बंद करायचा आणि तुमच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत ओळ टाकायची. तुम्ही चष्मा चढवणार, स्वतःला एक अस्सल शिवी देणार, ओळ ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणणार, चष्मा काढून मान डोलावणार. मग मी आवाज सोडायचा. चौकोनांतले सगळे ओरडायचे, 'लेन, तुझं नेट गेलं होतं रे!' तुम्ही असे काही गोंधळल्याचं सोंग करायचात, की त्यासाठी बक्षीस द्यायला हवं होतं.

खूण ठरली होती. डावा तळवा टेबलावर सपाट म्हणजे मी विसरलेलो नाही, हा विराम माझा आहे, मधे पडू नकोस. तळवा उचलला की ओळ दे.

आणि मी मधे पडायचे! दुसऱ्या रविवारी तळवा टेबलावर असताना मी ओळ टाकली. त्यानंतर तुम्ही मला जे झापलंत, तसं कॉलेजातल्या सरांनीही झापलं नव्हतं. 'उतावळी आहेस तू. ओळ कुणीही पाठ करतं. थांबायचं कुठे, हे शिकायला मला चाळीस वर्षं लागली, आणि तू माझे विराम खातेस!' तिसऱ्या रविवारी पुन्हा तेच. तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. मी सूप दाराशी ठेवलं, तुम्ही भांडं न धुता परत ठेवलंत. इतका राग.

मग मी शिकले, काका. हाताची घडी, तोंडावर बोट. चौथा रविवार बिनचूक गेला. तुम्ही जिन्याच्या खालून ओरडलात, 'आता झालीस प्रॉम्प्टर!' मला तेव्हा ऑफिसातल्या बढतीपेक्षा जास्त आनंद झाला होता.

पाचव्या रविवारच्या आदल्या दुपारी मी सामान घेऊन आले तर दारापर्यंत गॅसचा वास. शेगडी चालू, ज्योत नाही, आणि तुम्ही खिडकीशी बसून पोस्टमास्तर पाठ करताय. दोन मीटर गेले खड्ड्यात, मी आत घुसले, गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या आणि तुमच्यावर ओरडले. आज, आत्ता हेलनला सांगते म्हणाले. माझी नऊ वर्षांची पोर वर राहते म्हणाले. तुम्ही आधी चिडलात, मग तुमचा चेहरा लहान झाला. 'उद्या वाचन होऊ दे. पाचला मी स्वतः फोन करतो तिला. नटाचा शब्द.'

'नटाचा शब्द म्हणजे पाठ केलेला,' मी म्हणाले. जिभेला हाड नसतं ते असं. मी दार आपटून वर आले. आपलं समोरासमोरचं शेवटचं बोलणं ते.

आता त्या रविवारचं. तुम्ही निळा कोट घातला होता. सुरुवातीपासून फार सुरेख चाललं होतं. मी रागातच होते, तरी दोनदा डोळे भरून आले. शेवटचं पान. पोस्टमास्तर नोकरीच्या शेवटच्या दिवशी सगळी पत्रं वाटून येतो, थैली झटकतो, खुंटीला लावतो. तिथे तुमचा तो मोठा विराम. मग थैलीकडे बघून तो म्हणतो, 'थांबा. अजून एक राहिलंय.'

तुम्ही थैली लावलीत. थांबलात. डावा तळवा टेबलावर सपाट. मी घड्याळाकडे बघितलं नाही, कारण मी शहाणी झाले होते. डोळे पळत नव्हते, एका जागी बसलेले होते. विराम लांबला. चौकोनांतला एक जण हलला. मी तुमची अब्रू झाकायची म्हणून आवाज बंद केला, चित्र गोठवलं. ओळ टाकली नाही, कारण तळवा उचलला नव्हता. बाजूला लगेच शेरे सुरू झाले, 'गेलं लेनचं नेट!' 'अगदी मोक्याच्या जागी!' कुणीतरी हसण्याचं चित्र टाकलं. हेलनने लिहिलं, 'बाबा, राउटर बंद करून चालू कर.'

तुमचे ओठ हलले. मला वाटलं, सवयीने ओळ घोळवताय. मी मान डोलावण्याची वाट बघत बसले.

आणि खरं सांगू? नुसती शिकवण नव्हती ती. थोडा रागही होता. माझे विराम खातेस म्हणाला होतात ना? घ्या, खा तुमचा विराम पोटभर. हे माझ्या मनात आलं होतं, अगदी या शब्दांत.

मग निळा कोट हळूहळू डावीकडे कलला आणि तळवा तसाच टेबलावर राहिला. तेव्हा मला कळलं की तो हात तुम्ही ठेवलेला नाही, तो तुमच्याच्याने उचलत नाहीये. मी अनवाणी जिना उतरले. तुम्ही ठेवायला दिलेली किल्ली दारात दोनदा चुकली. ॲम्ब्युलन्स आली. ते सगळे पांढऱ्या कपड्यांत, मास्कमध्ये, आणि मी त्यांना डचमध्ये एकही वाक्य सरळ सांगू शकले नाही. पडद्यावर वीस माणसं अजून तुमचं नेट येण्याची वाट बघत होती.

लांडगा आला रे आला ही गोष्ट मी मुक्ताला सांगितली होती. त्यातला पोरगा निदान स्वतःपुरतं खोटं बोलला. मी तीन रविवार सगळ्यांना सवय लावली, की लेनचा आवाज गेला तर काळजी करायची नाही.

माझ्याकडच्या रेकॉर्डिंगवर पाहिलं, आवाज बंद केल्यापासून तुम्ही कलेपर्यंत. चार मिनिटं. डॉक्टर म्हणाल्या, पक्षाघात होता, चार मिनिटांनी फारसा फरक पडला नसता. त्या 'फारसा'वर मी रात्रंदिवस बसून आहे.

नऊ दिवस तुम्ही हॉस्पिटलमध्ये होतात. रोज एकाच माणसाला परवानगी, तो माणूस मी. तुमचे डोळे मिटलेले. मी मोबाइल तुमच्या कानाशी धरायचे आणि हेलन तिकडून बोलायची, रडायची, गाणी म्हणायची. मला खोली सोडता येत नव्हती, म्हणून मी भिंतीकडे बघत सगळं ऐकायचे. नवव्या दिवशी ती मला म्हणाली, 'तू नसतीस तर त्यांचं काय झालं असतं, मित्रा!' मी मास्कच्या आत ओठ चावला. अंत्यविधीला तीस जण चालणार होते, आलो सात. लांब लांब मांडलेल्या खुर्च्या, नंतर कॉफी नाही, केक नाही. सगळे हात न मिळवता आपापल्या सायकलवरून निघून गेले.

हेलनने त्या रविवारचं रेकॉर्डिंग मागितलं, तेव्हा मी म्हणाले, झालंच नाही. नेट गेलं होतं ना.

हे वरचं मंगळवारी लिहिलं. आज शनिवार आहे, आणि मधे बरंच झालं.

बुधवारी मी तिला सांगितलं. ती कंपनीच्या पत्राचा मसुदा वाचून दाखवत होती, 'तुमच्या निष्काळजीपणामुळे माझ्या वडिलांना' इथपर्यंत आली आणि मला पुढे ऐकवेना. सगळं सांगितलं. घड्याळाचं चित्र, गॅस, माइक, तळवा. रागसुद्धा सांगितला. मी एक, दोन, तीन, चार, पाच मोजलं आणि विचारलं, 'हेलन, आहेस ना?'

'आहे,' ती म्हणाली. मग म्हणाली, 'माझ्या बापाला काय झालंय हे मला सांगायचं की नाही, ते ठरवणारी तू कोण?' तिने फोन ठेवला. गुरुवारी फोन नाही. दोन महिन्यांत पहिल्यांदा तिचा फोन आला नाही. मी स्वयंपाकघरात उभी राहून मोबाइलकडे बघत होते. मुक्ता म्हणाली, 'मामा, मग तूच कर ना फोन.' मी म्हणाले, आता तिची पाळी आहे.

शुक्रवारी दुपारी तिचा निरोप आला. एकच शब्द. 'दाखव.'

आम्ही दोघींनी ते एकत्र पाहिलं, माझ्या पडद्यावरून. माइक बंद केल्यापासूनचं. नुसतं चित्र. निळा कोट, तळवा, आणि मग ओठ. मला बघवत नव्हतं, मी टेबलाच्या कडेकडे बघत बसले. हेलन ओरडली, 'थांब. मागे घे.' मी मागे घेतलं. 'अजून मागे.' तिसऱ्यांदा पाहताना तिने स्वतःचे ओठ तुमच्याबरोबर हलवले, आवाज न करता. बाथटबच्या कडेवरची सात वर्षांची पोरगी मला दिसली, काका.

'तो ओळ म्हणतोय,' ती म्हणाली. 'एका बाजूचं तोंड वाकडं झालंय, तरी म्हणतोय. दोनदा म्हणाला. थांबा. अजून एक राहिलंय. त्याला आठवत होती, मित्रा.'

मग मी रडले. हॉस्पिटलमध्ये नाही, अंत्यविधीला नाही, तेव्हा रडले. सुटका झाली म्हणून नव्हे. तुम्हाला अख्खं नाटक पाठ होतं, शेवटची ओळ तुम्ही बरोबर घेतलीत, आणि ती जगात कुणालाही ऐकू गेली नाही कारण माझं बोट बटणावर होतं. हेलनही रडत होती. तिने नाक पुसलं आणि म्हणाली, 'पत्र नाही पाठवत मी कंपनीला.' मग म्हणाली, 'पण त्याच्या मित्रांना काही सांगू नकोस. त्यांच्यापुरतं नेटच गेलं होतं.' तुमचीच लेक.

म्हणजे आता पुन्हा दोघांना माहीत आहे. तरीही एक ऐका, काका. तिला आधी सांगायला हवं होतं. तुम्ही जिवंत असताना, पहिल्याच रविवारनंतर. हे भांडण मी सोडलेलं नाही, आणि तुम्ही मेलात म्हणून हरणारही नाही.

उद्या रविवार. चार वाजता सगळे चौकोन पुन्हा जमणार आहेत. आम्हा बौद्धांत माणूस गेल्यावर त्याच्या आठवणीत पुण्यानुमोदन करतात. तसं मी करते म्हटलं, तर हेलन म्हणाली, कर. मी मेणबत्ती लावून वंदना म्हणेन. मुक्ता डचमध्ये दोन शब्द बोलणार आहे, काय ते मला दाखवत नाही. मग हेलन पोस्टमास्तरचं शेवटचं पान वाचेल. थैली खुंटीला लावेपर्यंत ती, आणि शेवटची ओळ मी. प्रॉम्प्टरचा आवाज प्रेक्षकांना ऐकू जाणं म्हणजे पाप, असं तुम्ही म्हणायचात. उद्या ते होणार आहे.

हेलनने बजावलंय, 'बाबाचा विराम पूर्ण घेईन मी. हात उचलल्याशिवाय बोलू नकोस.' मी तिला सांगितलं, मी पाचपर्यंत मोजेन, आणि मग सगळ्यांसमोर विचारेन, 'हेलन, ठीक आहेस ना?' नाटक बिघडलं तर बिघडलं.

तुम्ही ओरडाल, उतावळी म्हणाल. ओरडा, काका. उद्या माइक चालू ठेवणार आहे.